शेतातल्या ट्रॅक्टर गॅरेजला नोटीस आली तर

आधी नोटीस कोणत्या कायद्याखाली आहे ते बघा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ४५ असेल तर वाद जमिनीच्या वापराचा आहे. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ असेल तर झोनचा (म्हणजे आराखड्यात ती जमीन कोणत्या वापरासाठी दाखवली आहे) आणि बांधकाम परवानगीचा. दोन्हींना एकच उत्तर पाठवलं की प्रकरण तिथेच बिघडतं.

नगररचना कार्यालयातून गट नंबर देऊन झोन दाखला काढा, सोबत ताजा सातबारा आणि मोजणी नकाशा ठेवा. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजे परवानगी नव्हे. बहुतेक जण नेमके याच भरवशावर शेड उभारतात.

खरा मुद्दा शेडच्या वापराचा. स्वतःची अवजारं, खत, चारा, धान्य ठेवायची शेड महसूल संहितेच्या कलम २(९) प्रमाणे शेतघर, म्हणजे शेतीच्याच कामाची इमारत, ठरू शकते. पण पैसे घेऊन गावभरचे ट्रॅक्टर दुरुस्त करणं हा धंदा आहे, गिऱ्हाईक शेतकरी असलं तरी. दोन्ही एकाच छपराखाली असतील तर कोणत्या भागात काय चालतं ते मापांसह नकाशावर दाखवा. "सगळं शेतीचंच" असं लिहू नका, पंचनाम्यात वेल्डिंग मशीन आणि बिलबुक सापडतंच.

खुलासा मुदतीत द्या, पोच घ्या. आदेश तहसीलदारांचा असेल तर अपील प्रांताधिकाऱ्यांकडे, ६० दिवसांत. अपिलासोबत स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. नुसत्या अपिलानं पाडकाम थांबत नाही.

शेजाऱ्याची तक्रार आवाजाची किंवा रस्त्यावर सांडणाऱ्या ऑइलची असेल, तर ते आजच बंद करा.