ऑफिसजवळ व्हीलचेअरला चालेल अशी पार्किंगची जागा कशी शोधायची

पार्किंग किती जवळ आहे, हा प्रश्न चालत येणाऱ्या माणसाचा. व्हीलचेअरवाल्याला आधी वेगळंच विचारावं लागतं: दार पूर्ण उघडेल का? शंभर मीटरचा सपाट रस्ता मी चेअर ढकलत दोनेक मिनिटांत पार करते. पण दार अर्धंच उघडत असेल तर मी गाडीतच अडकते, मग लिफ्ट समोर असून उपयोग काय? म्हणून जागा बघताना माझा क्रम ठरलेला आहे. आधी रुंदी, मग जमीन, मग ती जागा रोज मिळण्याची खात्री, आणि अंतर सगळ्यात शेवटी. ऑफिसातली मंडळी बरोबर उलट क्रमाने विचार करतात आणि मोठ्या प्रेमाने प्रवेशद्वाराला चिकटलेली एक चिंचोळी जागा पुढे करतात.

मी हँड कंट्रोल, म्हणजे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालवायची सोय, बसवलेली छोटी गाडी चालवते. चेअर घडीची नाही, कडक फ्रेमची आहे. चाकं काढायची, फ्रेम अंगावरून पलीकडच्या सीटवर टाकायची, असा रोजचा कार्यक्रम. पुढचं सगळं त्या अनुभवातून आलंय. तुमची बॅटरीवरची चेअर असेल, रॅम्पची व्हॅन असेल, तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील. नोकरी हिशेबाची असल्यामुळे टेप लावल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

आधी आपली गरज मोजा

दुसऱ्याची जागा मोजायला जाण्याआधी स्वतःला किती लागते ते काढा. मोकळ्या, सपाट ठिकाणी गाडी लावा आणि नेहमीसारखे चेअरवर उतरा. घाई नको, कसरत नको. थकलेल्या संध्याकाळी जसं उतरता तसं. चेअरचं बाहेरचं चाक सगळ्यात लांब कुठपर्यंत गेलं तिथे कुणाला तरी खडूने खूण करायला सांगा. गाडीच्या बाजूपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमचा आकडा. तो कागदावर लिहून ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे.

साधा स्लॉट साधारण अडीच मीटर रुंद असतो आणि छोटी गाडी पावणेदोन मीटरच्या आसपास. उरलेलं पाऊण मीटर दोन्ही बाजूंत वाटून घ्यायचं. त्यात दारही उघडायचं आणि चेअरही उभी करायची, म्हणजे गणित सुटतच नाही. नियम करणाऱ्यांनाही हे माहीत आहे. भारताची राष्ट्रीय इमारत संहिता दिव्यांगांसाठीच्या जागेची रुंदी किमान ३.६ मीटर आणि प्रवेशद्वारापासूनचं अंतर जास्तीत जास्त ३० मीटर सांगते. अमेरिकी मानकांत ८ फुटांची जागा आणि तिच्या शेजारी ५ फुटांचा रिकामा पट्टा असतो. शेजारशेजारच्या दोन जागांना तो पट्टा सामाईक चालतो. ब्रिटनमध्ये २.४ मीटरच्या जागेला बाजूने १.२ मीटर मोकळे सोडतात आणि वाहनमार्गाच्या टोकालाही तेवढेच. चेअर डिकीतून काढणाऱ्यांना हे टोकाचं मोकळं अंतर फार उपयोगाचं. बाजूने रॅम्प उघडणारी व्हॅन असेल तर पट्टा ८ फुटांपर्यंत लागू शकतो, आणि वरची उंचीही बघावी लागते: अमेरिकेत व्हॅनसाठी ती ९८ इंच, म्हणजे जवळपास अडीच मीटर ठेवलेली आहे. बेसमेंटच्या तोंडाशी लिहिलेली उंची वाचा आणि त्यातून खाली लोंबणारे पाइप वजा करा.

आता बाजूचा प्रश्न. रिकामा पट्टा ड्रायव्हरच्या दाराकडे हवा. तो उलट्या बाजूला आला तर जागा लगेच नाकारू नका. गाडी रिव्हर्स घेऊन लावून बघा. नाक आत असताना डावीकडे पडणारा पट्टा रिव्हर्समध्ये उजवीकडे येतो. तिरप्या आखलेल्या जागांत मात्र ही युक्ती चालत नाही, तिथे पट्टा ज्या बाजूला आहे त्या बाजूलाच राहणार.

आखीव राखीव जागा कुठेच नसली तर रांगेची टोकं पाहा. भिंतीलगतच्या शेवटच्या स्लॉटमध्ये गाडीची दुसरी बाजू भिंतीला जवळजवळ चिकटवली की आपल्या दाराकडे बऱ्यापैकी जागा सुटते. खांबाशेजारची जागाही वाईट नसते. फक्त खांब बोनेटच्या रेषेत हवा, दाराच्या रेषेत नको. जिन्याखाली, विजेच्या पॅनेलपाशी, जिथे पूर्ण स्लॉट बसला नाही म्हणून तुकडा सोडून दिलेला असतो, असे कोपरे मी आधी हुडकते. आगीच्या वेळी बाहेर पडायचा मार्ग किंवा अग्निशमनासाठी सोडलेली जागा मात्र मागू नका. ती मिळणार नाही आणि मिळूही नये.

मग जमीन आणि वाट

घरबसल्या अर्धं काम होतं. उपग्रहाच्या नकाशात उघड्या पार्किंगचे पट्टे दिसतात, झाडांखालचे सोडून. बर्लिनमधल्या एका संस्थेने २०१० मध्ये सुरू केलेला व्हीलमॅप हा नकाशा लोकांनीच भरलेला आहे. त्यात कुठे चेअर जाते, कुठे अर्धवट जाते, कुठे जात नाही हे रंगांनी कळतं. पण उतार कुठल्याच नकाशावर भरवशाचा दिसत नाही. त्यासाठी जावंच लागतं, आणि तेही ज्या वेळी कामाला पोचणार त्याच वेळी. रविवारी दुपारी सगळीच पार्किंगं सुंदर असतात.

उतार मोजायला फोनमधली पातळी दाखवणारी सोय पुरते. गाडी उभी करायच्या जागेसाठी अमेरिकी मानक १:४८ उतार चालवून घेतं, म्हणजे एक अंशाहून किंचित जास्त. चेअरच्या रॅम्पसाठी १:१२ हे सर्वत्र ओळखीचं प्रमाण, म्हणजे पाच अंशांच्या जरा आत. फोन जमिनीवर उभा-आडवा ठेवून दोन्ही आकडे बघा. फोन नको असेल तर पाण्याची बाटली आडवी ठेवा. ती चालू लागली तर ट्रान्सफर करताना, म्हणजे सीटवरून चेअरवर सरकताना, चेअरही चालू लागेल. ब्रेक फक्त मोठ्या चाकांना असतात. आडव्या उतारावर पुढची छोटी चाकं वळतात आणि नेमकं आपण सीट सोडलेली असते त्या क्षणी खुर्ची तिरकी होते.

जागेवरून लिफ्टपर्यंतची वाट स्वतः चेअरवर जाऊन बघायची. वॉचमनच्या ‘काही प्रॉब्लेम नाही मॅडम’वर नाही. ड्रेनेजच्या जाळीच्या फटी आपल्या जाण्याच्या दिशेत असतील तर पुढचं चाक त्यात बसतं आणि आपण पुढे पडतो. खडी आणि निखळलेले पेव्हर ब्लॉक टाळावेत. वाट वाहनांच्या रॅम्पवरून जात असेल तर माझं उत्तर नाही असंच असतं. तो उतार गाड्यांसाठी केलेला असतो, आणि वळण घेऊन खाली येणाऱ्या ड्रायव्हरला बसलेल्या उंचीवरचं माणूस उशिरा दिसतं. उभ्या गाड्यांच्या मागून जावं लागत असेल तरी तोच धोका, कारण रिव्हर्स घेणाऱ्याच्या काचेत आपण येतच नाही. भिंतीकडेने, गाड्यांच्या नाकापुढून जाणारी वाट असेल तर ती थोडी लांब असली तरी घ्या.

आणि दार! बेसमेंटमधून लिफ्टच्या लॉबीत जाणारं ते आगरोधक जाड दार. आपोआप बंद होण्यासाठी त्याला वर दणकट यंत्र लावलेलं असतं. आत ढकलायचं असेल तर कसंबसं जमतं. स्वतःकडे ओढायचं असेल, तर एका हाताने दार, दुसऱ्या हाताने चाक, आणि मांडीवर बॅग. इतकी चांगली जागा या एका दारापायी वाया जाताना मी पाहिली आहे. उपाय असतात: दाराच्या यंत्राचा जोर नियमात बसेल इतका कमी करून घेणं, किंवा आगीचा इशारा वाजताच सुटणारं चुंबकी धारक बसवून दार एरवी उघडं ठेवणं. दाराखाली पाचर ठोकून ते उघडं ठेवायला मात्र सांगू नका.

लिफ्ट त्या मजल्यावर थांबते का, उशिरापर्यंत चालू असते का, वीज गेली तर जनरेटरवर कुठली लिफ्ट चालते, हे विचारून घ्या. गेटवरचं तिकीट काढायचं यंत्र गाडीतून हाताला लागतं का तेही बघा. यांत्रिक पार्किंग, म्हणजे पाळण्यावर गाडी ठेवून वरखाली करणारं, आपल्यासाठी बाद. त्या लोखंडी पत्र्यावर चेअर उघडायला जागाच नसते. गाडी लावून देणारा माणूस असेल तर निदान उतरायचं बाहेर मोकळ्यात होतं, हा त्यातला मध्यम मार्ग.

मागायचं कसं

मुलाखतीत मी पार्किंगचा विषय काढत नाही. नियुक्तीपत्र हातात आल्यावर आणि रुजू व्हायच्या आधी काढते. हे माझं मत. काहीजण आधीच विचारतात आणि त्यांचंही चुकत नाही.

एचआरला मेल करा, पण तेवढ्यावर थांबू नका. स्लॉटच्या किल्ल्या सहसा ॲडमिनकडे असतात, आणि ऑफिस भाड्याच्या इमारतीत असेल तर इमारतीच्या व्यवस्थापनाकडे. कंपनीच्या वाट्याला कुठले क्रमांक आलेत ते आधी काढा. लिफ्टलगतचे दोन-तीन बहुधा साहेबलोकांच्या नावावर असतात. अदलाबदलीची मागणी करायला लाजू नका. साहेबांचे पाय चांगले असतात.

‘जवळची जागा मिळावी’ असं लिहिलं की प्रेमाने चिंचोळी जागा मिळते. मी असं लिहिते: ‘मी व्हीलचेअर वापरते आणि स्वतः गाडी चालवते. चेअर उतरवण्यासाठी ड्रायव्हरच्या दाराकडे दीड मीटर मोकळी, सपाट जागा लागते. लिफ्टलगतचा अमुक क्रमांकाचा स्लॉट आणि त्याशेजारची रिकामी पट्टी यासाठी योग्य आहे. फोटो व मोजमाप सोबत जोडत आहे. रुजू होण्याच्या तारखेपासून हा स्लॉट माझ्या नावे राखीव करून लेखी कळवावे.’ मागणी, कारण, क्रमांक, तारीख. नाही म्हणणाऱ्यालाही मग नेमकं कशाला नाही म्हणतोय ते लिहावं लागतं.

‘एकीसाठी दोन स्लॉट कसे देणार’ हा आक्षेप येतोच. त्याला उत्तर तयार ठेवा. अडीच मीटरचे तीन स्लॉट म्हणजे साडेसात मीटर. मधे दीड मीटरचा सामाईक पट्टा आखला तरी दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटरच्या दोन जागा उरतात. म्हणजे तीनांतली एकच गाडी कमी होते आणि दोघांची सोय होते.

कायद्याचा उल्लेख मी पहिल्या पत्रात करत नाही, दुसऱ्यात करते. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करायला सांगितलं आहे. त्याची प्रत मागा. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातल्या २७ व्या कलमात कामाच्या ठिकाणी वाजवी सोयीसुविधा देण्याची गोष्ट आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यातही मालकावर तसंच कर्तव्य टाकलेलं आहे.

मिळालेली जागा टिकवायची

जमिनीवर रंगवलेलं चिन्ह गाडी उभी राहिली की झाकलं जातं, मग ‘दिसलंच नाही’ म्हणायला वाव मिळतो. म्हणून खांबावर किंवा भिंतीवर पाटी हवी. अमेरिकी मानकात तिची खालची कड जमिनीपासून निदान ६० इंचांवर असते. चिन्ह आंतरराष्ट्रीयच वापरा. १९६८ मध्ये डेन्मार्कच्या सुझान कोफोड या विद्यार्थिनीने काढलेलं ते चित्र मुळात नुसत्या खुर्चीचं होतं, गोल डोकं नंतर बसवलं गेलं.

शेजारचा पट्टा हीच खरी लढाई. तो रिकामा दिसतो, म्हणून तिथे दुचाकी येते, कुंडी येते, झाडूवाल्यांचं सामान येतं. त्यावर तिरके पट्टे रंगवून घ्या आणि ‘इथे व्हीलचेअर उतरते’ असं साध्या शब्दांत लिहून घ्या. कारण कळलं की बरेच लोक ऐकतात. अडवण्यासाठी शंकू किंवा साखळी लावणार असतील तर ती हटवणार कोण, हे आधी ठरवा. गाडीतून उतरून शंकू उचलायचा असेल तर तो माझ्यासाठीच अडथळा. गेटवरच्या माणसांशी ओळख ठेवा, तिन्ही पाळ्यांच्या. त्यांच्या वहीत तुमच्या गाडीचा नंबर आणि स्लॉट लिहिलेला असू द्या, म्हणजे नवा माणूस आला तरी पहिल्यापासून समजावत बसावं लागत नाही.

एकाच जागेवर विसंबू नका. आसपास दोन पर्याय हेरून ठेवा: लिफ्ट असलेलं सार्वजनिक पार्किंग, दवाखान्याचं किंवा मॉलचं, मासिक पास देणारं. आणि ऑफिसशी वेळेबद्दल बोलून बघा. गर्दीच्या आधी अर्धा तास आलं की साध्या पार्किंगमध्येही टोकाचा स्लॉट बहुतेक वेळा मोकळा सापडतो.

संध्याकाळी परत यावं आणि कुणीतरी आपल्या दाराला गाडी चिकटवून गेलेलं असावं, हे कधीतरी होणारच. त्यासाठी गाडीची दुसरी किल्ली विश्वासातल्या सहकाऱ्याकडे ठेवा. बहुतेक हँड कंट्रोल गाड्यांमध्ये मूळची पेडल तशीच असतात, त्यामुळे पायाने चालवणाऱ्याला गाडी मोकळ्यात काढून देता येते. पेडलवर आवरण बसवलेलं असेल तर ते कसं काढायचं, हे त्याला आधीच दाखवून ठेवा. कुठल्या लिव्हरला हात लावायचा नाही, तेही.