फुलांचा चेहरा रंगवताना या चुका टाळा

माणूस आणि फूल एकत्र आणणारं अतिवास्तववादी (सर्रिअलिस्ट), म्हणजे स्वप्नासारखं व्यक्तिचित्र फसतं, तेव्हा बहुतेकदा एकच तक्रार ऐकू येते: फुलं चिकटवल्यासारखी दिसतात. एकेक पाकळी सुबक असते, तरी चेहरा आणि फूल एकजीव होत नाहीत.

सगळ्यात आधी उजेड तपासा. चेहऱ्याचा फोटो खिडकीजवळचा आणि जास्वंद भर उन्हात टिपलेली असेल, तर रंग कितीही जुळवले तरी मेळ बसणार नाही. फूल त्याच खिडकीपाशी, त्याच बाजूला धरून पाहा. रंगांना हात लावण्याआधी नुसत्या करड्या छटांत छोटा कच्चा आराखडा करा आणि डोळे किलकिले करून बघा. गालाच्या सावलीतली पाकळी सावलीतच राहायला हवी. तैलचित्रात एखादी पाकळी उगाच उजळून पुढे येत असेल, तर ती खरवडू नका. पूर्ण वाळल्यावर गडद रंगाचं ग्लेझ, म्हणजे पातळ, पारदर्शक थर द्या, ती मागे सरकते.

दुसरी चूक म्हणजे फुलांखालची कवटी विसरणं. इटालियन चित्रकार आर्चिम्बोल्दोचं १५६३ सालचं ‘वसंत’ निरखून पाहा. अतिवास्तववाद्यांच्या कितीतरी आधीचं हे चित्र माद्रिदच्या सान फर्नांदो अकादमीत आहे. त्वचेच्या जागी फिकट, गुलाबी फुलं, अंगरख्याच्या जागी हिरवी पानं. नाक, जबडा, मान जागच्या जागी असल्यामुळे दुरून माणूसच दिसतो. तुमच्या चित्रातही गाल जिथे वळतो, तिथे पाकळ्या वळून अरुंद व्हायला हव्यात.

कडा सगळीकडे सारख्याच धारदार ठेवू नका. पाकळी त्वचेत शिरते तिथली कड विरघळू द्या; नजर जिथे थांबवायची, तिथेच ती स्पष्ट ठेवा.

डोळे, नाक, ओठ शाबूत ठेवून फक्त केसांत फुलं रचली, तर ते सजवलेलं व्यक्तिचित्र होतं. फुलानं शरीरातली एखादी जागा घ्यायला हवी. अतिवास्तववादी चित्रकार साल्वादोर दालीनं १९३५ मध्ये स्त्रीच्या डोक्याच्या जागीच गुलाब आणले. मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोनं १९३१ मध्ये वनस्पतींचे नवे वाण तयार करणारा ल्यूथर बरबँक रंगवला. त्याच्या पायांचं झाड झालंय आणि मुळं जमिनीतल्या प्रेतात उतरलीत. म्हणून बाजारात मिळालं ते फूल घेण्यापेक्षा त्या माणसाचं फूल कोणतं, हे आधी ठरवा.

त्वचा मळकट होत असेल, तर पानांचा ओला हिरवा कातडीच्या लालसर रंगात मिसळतोय. चेहरा वाळू द्या, पानं नंतर वेगळ्या ब्रशनं रंगवा.