छोट्या रिव्हॉल्व्हरला कमी धक्क्याचं काडतूस

हलकं रिव्हॉल्व्हर खिशाला बरं, पण सरावात अंगठ्याच्या बेचक्यात असं हाणतं की पाचव्या बारानंतर डोळे आपोआप मिटतात. पेडण्याच्या आमच्या काकांचं तेच झालं. परवाना जुना, हात सत्तरीतला.

१. नवं घेत असाल तर .३८ ऐवजी .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग या काडतुसाचं बघा; आकडे म्हणजे गोळीची साधारण जाडी, इंचात. साधी गोळी ९८ ग्रेनची, म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या आसपास. धक्का खूपच कमी.

२. सरावाला वॅडकटर मिळाली तर घ्या. सपाट तोंडाची ही शिशाची गोळी कमी दारूच्या भाराची असते आणि कागदावर गोल, स्वच्छ भोक पाडते. नेमबाजीच्या काही स्पर्धांतही ही वापरतात. मात्र टोक नसल्यामुळे सिलिंडरमध्ये भरायला जरा वेळ लागतो. काका तर त्यावर वैतागतातच!

३. दोन प्रकारची पाच-पाच काडतुसं घेऊन रेंजवर आळीपाळीने झाडा. ज्याने मूठ हातात फिरत नाही, ते ठेवा. रबरी मूठही बसवा, निम्मं काम तीच करते.

सांभाळायचं एकच: दुकानात नुसतं ‘.३२ द्या’ म्हणू नका. .३२ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस वेगळं. ते काही रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये बसतंही, पण त्याचा दाब जास्त. नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव जुळवून मगच पैसे द्या.