हॅलोविनला दाराशी येणाऱ्या मुलांसाठी खाऊ

अमेरिकेत नव्याने राहायला आलेल्या आपल्या लोकांना ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनला, एक मोह होतो: त्या संध्याकाळी सोंगं घेऊन खाऊ मागायला दाराशी येणाऱ्या मुलांना घरी केलेली चिक्की किंवा वड्या द्याव्यात. भावना फार चांगली आहे, पण तो खाऊ बहुधा वाया जातो. अनोळखी घरातला सुटा पदार्थ इथले आईवडील मुलांना सहसा खाऊ देत नाहीत. शिवाय चिक्कीतले शेंगदाणे आणि तीळ, दोन्ही इथल्या मुख्य ॲलर्जींच्या यादीत आहेत. तीळ तर २०२३ पासून वेष्टनावर लिहिणं बंधनकारक झालं. म्हणून घरचा खाऊ ओळखीच्या शेजाऱ्यांना, त्यात काय आहे ते सांगून द्या. दारात मात्र वेष्टनातली छोटी चॉकलेटंच ठेवा.

माझा आग्रह दोन वाडग्यांचा. एकात चॉकलेटं, दुसऱ्यात पेन्सिली, स्टिकर, अंधारात चमकणाऱ्या बांगड्या. बाहेर मोरपंखी निळा रंग दिलेला भोपळा ठेवलात, की ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला लांबूनच कळतं की इथे खाऊशिवायही काहीतरी मिळेल. ते मूल रिकाम्या हाताने परत जात नाही, आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

छोटी चॉकलेटं ज्यातून आली ते मोठं पाकीट फेकू नका, कुणी ॲलर्जीचं विचारलं तर त्यावर बघता येतं. छोट्या वेष्टनावर घटकांची यादी बऱ्याचदा नसते. चार वर्षांखालच्या मुलांना कडक गोळ्या देऊ नका, घशात अडकतात. खाऊ संपला की दारावरचा दिवा मालवा, मग कुणी बेल वाजवत नाही.