जुन्या स्पोर्ट्स कारच्या हेडरला हीटप्रूफ रंग: पोपडे न येता तो कसा टिकवायचा

बाजारातून '६५० डिग्री' लिहिलेला कॅन आणायचा, हेडरवर (इंजिनातला जळका वायू बाहेर नेणाऱ्या स्टीलच्या पाइपांच्या जुडग्यावर) तारेचा ब्रश फिरवायचा आणि फवारून मोकळं व्हायचं, एवढ्यावर काम आटोपलं तर थोड्याच दिवसांत पोपडे सुटतात. दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतो. हा रंग टिकतो तो पत्रा किती स्वच्छ केला आणि रंग किती सावकाश भाजला, यावर. शिवाय डब्यावरचा सगळ्यात मोठा आकडा पुष्कळदा थोडा वेळ सोसायच्या तापमानाचा असतो, सतत सोसायचा आकडा त्याहून कमी. दोन्ही वाचून घ्या.

आधी काय हवंय ते ठरवा. सिलिकॉन रेझिनचा रंग गंज थांबवतो आणि दिसायला छान असतो, पण बॉनेटखालची उष्णता त्याने फारशी कमी होत नाही. त्यासाठी सिरॅमिक कोटिंग लागतं, आणि ते आतून-बाहेरून करणाऱ्याकडेच द्यावं लागतं. हा फरक जुन्या ट्रायम्फ हेराल्ड गाडीवाल्यांना चांगला कळेल. १९६२ साली आलेली ट्रायम्फ स्पिटफायर हेराल्डचीच चासी आखूड करून बनवलेली. दोन्ही गाड्यांत कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट इंजिनाच्या एकाच बाजूला. एप्रिलच्या उन्हात मिरजेहून सांगलीत येऊन दहा मिनिटं उभी केली की फ्लोट चेंबरमधलं (कार्ब्युरेटरच्या वाटीतलं) पेट्रोल उकळतं आणि गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते. तक्रार ही असेल तर सिरॅमिकचा खर्च करा, किंवा कार्ब्युरेटरखाली पत्र्याची हीट शील्ड बसवा. हेडरला उष्णता अडवणारी कापडी पट्टी गुंडाळू नका. पावसाळ्यात ती ओल धरून ठेवते आणि साध्या स्टीलचा पाइप आतल्या आत खाऊन टाकते.

पत्रा उघडा करणे

हेडर काढण्याआधी स्टडवर (तो इंजिनाला धरून ठेवणाऱ्या आटेदार दांड्यांवर) रस्ट रिमूव्हर मारून रात्रभर मुरू द्या. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे आटे इंची असतात, त्यामुळे बसवताना मिलिमीटरचा नट जबरदस्तीने चढवला की स्टड गेलाच. परत बसवताना पितळी नट वापरा, ते गंजून अडकत नाहीत.

जुना रंग, गंज, वेल्डिंगचा मळ, सगळं ब्लास्टिंगने (दाबाच्या हवेने खरखरीत कण मारून) काढा. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीत ब्लास्टिंग करणारे मिळतात. त्यांना ॲल्युमिनियम ऑक्साइड, ८० ते १२० मेश, असं स्पष्ट सांगा. फाउंड्रीतलं स्टील शॉटचं मशीन ओतीव मॅनिफोल्डला (हेडरच्याच जागी असणाऱ्या ओतीव लोखंडी भागाला) चालतं, पण पातळ पाइपच्या हेडरला ते ठोके देतं. घरी वाळूने ब्लास्टिंग अजिबात नको, ती धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. फ्लँजची (इंजिनाला टेकणाऱ्या सपाट पट्टीची) गॅस्केट बसायची बाजू जाड टेप लावून झाका. तिथे रंगही नको, कारण गॅस्केटखालचा रंग जळाला की नट सैल पडतात आणि फट-फट आवाज सुरू होतो. फ्लँजवर स्टीलची सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) सरकवून बघा. ०.१५ मिमीची पाती आत जात असेल तर रंगाआधी टर्नरकडून फेसिंग करून, म्हणजे ती बाजू सपाट करून घ्या.

ओतीव लोखंड वर्षानुवर्षांचं तेल पिऊन बसलेलं असतं. ते मॅनिफोल्ड २०० डिग्रीपर्यंत तापवा, तेल घामासारखं वर येईल. थंड झाल्यावर ॲसिटोनने पुसा. नवं फडकं काळं पडेनासं होईपर्यंत हे परत करा.

पुसायला ॲसिटोनच घ्या, पांढऱ्या सुती फडक्याने. डिझेल, रॉकेल नको, त्यांचा तेलकट थर मागे राहतो. त्यानंतर उघड्या हाताने स्पर्श नको, हातमोजे घाला. ब्लास्टिंग झालेला पत्रा दोन-तीन तासांत रंगवावा. पावसाळ्यात साताऱ्याच्या दमट हवेत तर त्याहूनही लवकर. हे काम शक्यतो फेब्रुवारी ते मे या काळात काढा.

फवारणी

खाली रेडऑक्साइड नको, झिंक प्रायमर तर नकोच. झिंक ४१९ डिग्रीला वितळतं आणि वरचा रंग घेऊन सुटतं. रंग थेट उघड्या पत्र्यावर बसतो, किंवा त्याच कंपनीच्या हीटप्रूफ प्रायमरवर.

चार सिलिंडरच्या हेडरला ४०० मिलीचा एक कॅन पुरतो. हेडर तारेने टांगा, हाताला कोमट लागेल इतका तापवा, कॅन दोन मिनिटं हलवा. २० ते २५ सेंमीवरून आधी पाइपांच्या मधल्या खाचा आणि वेल्डचे सांधे, मग बाहेरची बाजू. पहिला हात नुसता धुक्यासारखा, खालचा पत्रा दिसत राहिला पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. झाकलं की थांबा. जाड थरात अडकलेलं थिनर तापल्यावर वाफ होऊन फोड काढतं. रंगात करडा ॲल्युमिनियम सगळ्यात सोसणारा. पांढऱ्यावर काजळी आणि तडे लगेच दिसतात.

भाजणे

वाळलेला रंग नखाने निघतो, म्हणून तो भाजल्यावरच गाडीवर चढवावा. सर्वसाधारण क्रम असा: १२० डिग्रीला ३० मिनिटं, थंड, २०० ला ३० मिनिटं, थंड, शेवटी ३१५ ला ३० मिनिटं. डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा. पावडर कोटिंगवाल्याच्या भट्टीत पहिले दोन टप्पे होऊन जातात, शेवटचा इंजिनावर करा. घरचा स्वयंपाकाचा ओव्हन वापरू नका, धूर विषारी असतो.

भट्टी नसेल तर हेडर जपून बसवा. मोकळ्या जागी इंजिन आयडलवर १० मिनिटं चालवून पूर्ण थंड करा, मग २० मिनिटं चालवून थंड, मग अर्धा तास. धूर निघेल, तो रंगातलाच. तापमान इन्फ्रारेड गनने मोजत असाल तर चकचकीत ॲल्युमिनियम रंगावर आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी दिसतो, त्याला भुलून जास्त तापवू नका. पहिल्याच दिवशी यवतेश्वरचा घाट चढवू नका. थंड इंजिनावर नट एकदा परत आवळा.

नव्याने बांधलेल्या इंजिनाचं रनिंग-इन (सुरुवातीचं सावकाश चालवणं) जुन्या मॅनिफोल्डवरच करा. टायमिंग मागे राहिलेलं असलं, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असली की हेडर लालभडक होतो आणि नवा रंग त्यातच जळतो.

रंग गेला तर

सगळीकडे पोपडे म्हणजे पत्रा तेलकट किंवा गुळगुळीत राहिला. फोड म्हणजे थर जाड झाला किंवा घाईने तापवला. पण एकाच पोर्टजवळ (एका सिलिंडरच्या तोंडापाशी) टक्कल पडलं तर रंगाला दोष न देता तो सिलिंडर तपासा. पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होत असेल, इनटेक गॅस्केटमधून हवा शिरत असेल. स्पार्क प्लग काढून बघा, पांढराफटक दिसला तर कारण सापडलं. ते आधी दुरुस्त करा. मग तेवढाच भाग पत्र्यापर्यंत घासा, कडा पॉलिश पेपरने उतरत्या करा, ॲसिटोनने पुसा आणि दोन पातळ हात मारून पुन्हा टप्प्याटप्प्याने तापवा.