नव्या कन्सोलवर कॉलेज फुटबॉल कसे खेळावे

‘ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल २५’ हा अमेरिकेतल्या कॉलेज संघांच्या अमेरिकन फुटबॉलचा व्हिडिओ खेळ जुलै २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस या कन्सोलांवर आला. त्याआधीचा भाग २०१३ मधला होता. खेळाडूंची छबी मोबदला न देता वापरल्याच्या वादातून मालिका थांबली होती. जुन्या कन्सोलवर हा खेळ मिळत नाही, आणि संगणकासाठीही तो काढलेला नाही. यंत्र घेण्याआधी आपल्या खात्याच्या देशातील स्टोअरात तो दिसतो का, हे पाहून घ्यावे.

खानदेशातल्या घरात पहिला प्रश्न बटणांचा नसून उन्हाळ्याचा आहे. प्लेस्टेशन ५ साठी ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानले आहे, आणि भुसावळात मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ च्या आसपास असतो. म्हणून यंत्र टीव्हीखालच्या बंद कप्प्यात न ठेवता मोकळ्या फळीवर ठेवावे, कूलरचा ओलसर झोत थेट त्यावर येऊ देऊ नये आणि लांबचा सामना रात्री जेवणानंतरच लावावा. यूपीएस मात्र हवाच. आमच्याकडे सामना जतन होत असतानाच वीज गेली आणि भाच्याने सुट्टीभर उभारलेला संघ एका क्षणात गेला. त्या दिवशी त्याने शेवभाजीलाही हात लावला नाही. टीव्हीचा गेम मोड सुरू करावा, नाहीतर बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल दिसणे यांत अंतर पडते व पास चुकतात.

आता मैदान. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याच्याशी याचा संबंध नावापुरताच आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे, ते जमले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्न कबड्डीतल्या चढाईसारखा वेगळा सुरू होतो आणि वेगळा संपतो. टचडाउनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेण्याला, ६ गुण; फील्ड गोलला, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून धाडण्याला, ३. व्यावसायिक सामने पाहिलेल्यांनी दोन फरक ध्यानात ठेवावेत: झेल घेताना एकच पाय मैदानात टेकला तरी पुरतो, आणि चेंडू धरलेल्या खेळाडूचा गुडघा जमिनीला लागला की कोणी स्पर्श केला नसला तरी तो प्रयत्न तिथेच संपतो.

नवशिके घाईने लांब पास फेकतात आणि तिथेच हरतात. माझ्या मते पहिले आठ-दहा सामने ‘फ्रेशमन’ या सर्वांत सोप्या पातळीवर खेळावेत आणि त्यांत मुख्यतः धावावे. (इथली बटणे प्लेस्टेशनची आहेत.) फुली बटणाने डाव सुरू होऊन चेंडू मागे आला की लगेच आर२, म्हणजे मागचे उजवे बटण, दाबून सुसाट सुटण्याचा मोह होतो, तो आवरावा. आपले अडवणारे गडी वाट मोकळी करेपर्यंत त्यांच्या पाठीशी सावकाश चालावे आणि फट दिसल्यावरच आर२ दाबावे. उजवी कांडी हुलकावणी देते, गोल बटणाने गिरकी घेता येते, त्रिकोणाने उडी मारता येते.

या खेळाची खरी मजा ‘ऑप्शन’मध्ये आहे, आणि कॉलेज संघांची ओळखही बरीचशी तीच आहे. ऑप्शन म्हणजे चेंडू धावणाऱ्याला द्यायचा की स्वतःकडे ठेवायचा, हे डाव सुरू झाल्यावर ठरवायचे. त्यातला ‘रीड ऑप्शन’ हा डाव निवडल्यावर चेंडूकडे न पाहता कडेच्या एका बचावपटूकडे पाहावे. तो आत, धावणाऱ्याच्या अंगावर झेपावला तर काहीच दाबू नये. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू आधी हाती घेणारा आणि पास देणारा गडी, चेंडू स्वतःकडे ठेवतो आणि मोकळ्या कडेने पळतो. बचावपटू जागीच थांबला तर फुली दाबून धरावी, चेंडू धावणाऱ्याच्या हाती जातो. हा निर्णय अर्ध्या क्षणाचा असतो, म्हणून सराव विभागात एकच डाव वीस-पंचवीस वेळा खेळून डोळ्यांना सवय लावावी.

पास देताना प्रत्येक झेलकऱ्याच्या डोक्यावर त्याचे बटण दिसते. हलकी टिचकी मारली तर उंच, तरंगता चेंडू जातो. दाबून धरले तर सरळ आणि वेगवान. झेलकऱ्यापुढे बचावपटू असेल तर पहिला, अरुंद फट असेल तर दुसरा.

परक्या मैदानावर प्रेक्षकांचा गोंगाट वाढला की पडदा थरथरतो आणि गडी कुठे पळणार हे दाखवणाऱ्या डावाच्या रेषा वेड्यावाकड्या दिसू लागतात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या, एक लाखाहून अधिक आसनांच्या काइल फील्डवर हे चांगलेच जाणवते. अशा वेळी ऐनवेळी डाव बदलू नये; दोन-तीन साध्या धावांनी गोंगाट उतरू द्यावा. एकाच धावपटूला सतत पळवू नये, कारण बसलेले धक्के त्याच्या अंगात साठत जातात आणि चौथ्या भागात तो पायांतून जातो; तिसऱ्या भागातच त्याच्या जागी राखीव गडी उतरवावा.