बुटक्या गॅरेजात कार लिफ्ट बसवताना

टेप घेऊन छताची उंची मोजली की काम झालं असं वाटतं, पण दार उघडून मोजा. वर सरकणाऱ्या दाराचे रूळ आणि मोटर नेमकी गाडीच्या टपावर येतात. मोटर बाजूच्या भिंतीवर घेता येते, रूळही छताला चिकटवून वर नेता येतात. हे आधी करा.

मग साधं गणित. छत ८ फूट, म्हणजे साधारण २४४ सेंमी. गाडी १५० सेंमी. वर १० सेंमी मोकळे सोडले की उचल मिळते ८४ सेंमी. खाली उभं राहणं विसरा, पण स्टुलावर बसून ब्रेक, सायलेन्सर, ऑइल सगळं होतं. एवढ्यासाठी कात्री लिफ्ट (गाडीखाली बसणारी, कात्रीसारखी उघडत वर जाणारी) पुरते. फक्त ती गाडीच्या मधोमध जागा अडवते, गिअरबॉक्स उतरवायचा तर अडचण. दोन खांबांची हवीच असेल, तर वरचा आडवा दांडा नसलेली, जमिनीवर पट्टी असलेली घ्या.

आणि बॉनेट उघडं ठेवून गाडी वर नेऊ नका. (हो, मी नेली आहे.)

खांबांसाठी काँक्रीट किती जाड लागतं ते कंपनीच्या पुस्तिकेत असतं. एका कोपऱ्यात भोक पाडून खात्री करा. जमिनीच्या स्लॅबमध्ये (काँक्रीटला बळकटी देणाऱ्या) ताणलेल्या पोलादी केबल असतील तर मात्र ड्रिल लावूच नका.